सोपटाची गाठ

पिंकीने सेलोटेपला हात घातला, तेव्हा जयवंतीबाईंनी तो उचलून आपल्या मांडीखाली दडवला.

"आजी, चीटिंग!"

"शाळेत काय सांगितलंय तुमच्या? प्लास्टिक नको. मग टेप काय झाडाला लागतो?"

हॉलभर पसारा पडला होता. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, मिठाईचे खोके. शेजारची रीमा भेंडीचे काप रंगात बुडवून वर्तमानपत्रावर फुलं उमटवत होती. दोघींना संध्याकाळी वर्गातल्या लेस्लीकडे नाताळच्या पार्टीला जायचं होतं. भेट बांधायचा कागद घरीच, टाकाऊतून करायचा, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. पिंकीला भेंडीची फुलं नको होती. तिला रीमापेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं.

जयवंतीबाई बाल्कनीतून केळीची सुकी पानं घेऊन आल्या. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सत्यनारायणाला चौरंगाला केळीचे खांब बांधले होते. पूजा झाल्यावर वॉचमन ते फेकायला निघाला, तेव्हा यांनी मागून घेतले होते. पानं वाळवली होती, खोडाच्या सोपटाच्या, म्हणजे सालीच्या, दोऱ्या काढल्या होत्या. कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"ईऽ, आजी, गाय खाईल ना गिफ्ट!" रीमा हसली.

जयवंतीबाईंनी पानावरून ओलं फडकं फिरवलं. कडकडीत पान कापडासारखं मऊ झालं. पिंकीने लेस्लीसाठी आणलेला माउथ ऑर्गन त्यांनी मधोमध ठेवला, पान दोन्हीकडून दुमडलं, वर दुसरं गुंडाळलं. सोपट पाण्यात बुडवून दोन वेढे दिले आणि गाठ मारली. हात आपोआप चालत होते. अशीच सुकेळी बांधायची असत. राजेळी केळी उन्हात वाळवून, मधासारखी झाली की अशी पानात बंद करायची. तेव्हा बोळिंजला या इमारतीच्या जागी त्यांची वाडी होती. कुंपणापलीकडे मर्लिनची. मर्लिनच्या ओटीवर बसून दोघी पुडे बांधायच्या. मर्लिनची आई एकेक पुडा हलवून बघायची. जयवंतीची गाठ सैल असायची. आईची पाठ वळली की मर्लिन हळूच ती ओढून घट्ट करायची.

दोघींमध्ये कुंपणावरची एकच विहीर होती. दिवाळीत फराळाचं ताट तिकडे जायचं, नाताळात केकचं इकडे यायचं. रिकामं ताट कधी परत गेलं नाही. मग जयवंतीबाईंच्या घरच्या पुरुषांनी वाडी बिल्डरला दिली. विहीर बुजवली गेली. मर्लिनच्या केळी त्या उन्हाळ्यात उभ्या वाळल्या. ताटं थांबली, बोलणं थांबलं. आता बाल्कनीतून खाली मर्लिनचं अंगण दिसायचं, मांडवावर वाळत घातलेली केळीही दिसायची. मर्लिन कधी वर बघायची नाही.

"मस्त झालं!" पिंकी पुडा नाचवत म्हणाली. "लेस्लीकडे पण असली झाडं आहेत. ते बघ, खाली. स्टार लावलाय ना, तेच त्याचं घर. जूनमध्येच कुवेतहून आलेत ते."

जयवंतीबाई उठून बाल्कनीत गेल्या. तारा मर्लिनच्या ओटीवर लटकत होता.

त्या परत आल्या त्या कात्री घेऊनच. "दे इकडे. वर्तमानपत्रात बांधू."

"का?"

"ती ओळखेल."

"कोण?"

"लेस्लीची आजी. तिला वाटेल मीच पाठवलं. आणि देईल परत पाठवून."

पिंकीने पुडा पाठीमागे लपवला. "मग शिकवलंस कशाला?"

जयवंतीबाईंनी कात्री टेबलावर ठेवली.

मुली गेल्या. जयवंतीबाईंनी पसारा आवरला, भेंडीचे काप फेकले, फरशी पुसली. बाल्कनीत मात्र गेल्या नाहीत. खालून गाण्यांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

बेल वाजली. दारात पिंकी उभी होती आणि तिच्या हातात तो पुडा होता. तेच पान, तेच सोपट.

"ठेव तिथे," जयवंतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "हात-पाय धू. मी म्हटलं होतं ना तुला."

"काय म्हटलं होतंस?"

"परत येईल म्हणून."

"माउथ ऑर्गन कुठे परत आलाय? लेस्लीने वाजवून वाजवून डोकं उठवलं सगळ्यांचं! आजी, हे सोड ना. मला सुटत नाहीये."

जयवंतीबाईंनी पुडा हातात घेतला. तो जड होता. नाकाशी नेला, तर आतून पिकल्या केळ्याचा, उन्हाचा, मधाचा वास आला. बोटं गाठीवर गेली. नखही आत शिरेना, इतकी ती घट्ट होती.

"लेस्ली माउथ ऑर्गन ओढून काढून पान गाठीसकट फेकत होता," पिंकी म्हणाली. "तर त्याच्या आजीने ओढूनच घेतलं. गाठीकडे बघत बसली कितीतरी वेळ. मग आत गेली आणि भरून घेऊन आली. म्हणाली, रिकामं कसं धाडू? आणि तुला एक निरोप दिलाय. पण तू रागावशील."

"सांग."

पिंकीने कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि मर्लिनचा आवाज काढला, "जयूला सांग, गाठ आजून सैलच बांदते!"