समोरची खुर्ची

कचेरीत हाडामांसाच्या अशा एकट्या कुमुदताईच उरल्या होत्या. बाकीचे आपापली प्रकाशाची प्रतिरूपं कामावर पाठवून घरी बसत. त्यामुळे नव्या नेमणुकीच्या मुलाखती त्यांच्याकडे आल्या, तेव्हा जेवायला सोबत मिळावी म्हणून कुमुदताईंनी एकच प्रश्न पक्का केला होता, "डब्यात काय आणाल?"

उमेदवारांची प्रतिरूपं गोंधळून अनुभव सांगू लागली. श्रीनाथ कुलथे मात्र स्वतः आला होता.

"शेपू आणीन, ताई. आत्ताच सांगतो, मागाहून नाक मुरडू नका."

त्यांनी त्यालाच नेमलं.

सोमवारी कुमुदताई दोघांपुरत्या भाकऱ्या घेऊन आल्या. समोरच्या खुर्चीत श्रीनाथचं प्रतिरूप बसलं होतं.

"तू स्वतः नाही आलास रे?"

"आता नोकरी लागली ना, ताई. मुलाखतीला तेवढं स्वतः जावं म्हणतात."

"बरोबर आहे," म्हणत कुमुदताई त्याला काम समजावू लागल्या.