उजव्या बाजूची हरकत

"मॅडम, मनं घर बी मोजा!"

कुंदाबाई उठून उभी राहिली तशी शाळेच्या हॉलमधली कुजबुज थांबली. सकाळपासून त्या जनसुनावणीत रेल्वेच्या रुळांत घरं जाणाऱ्या बावीस जणांनी हरकती घेतल्या होत्या. सगळ्यांचं मागणं एकच, आमचं घर वाचवा. माझं घर घ्या म्हणणारी ही पहिलीच.

सोनगीरजवळच्या त्या गावात नवी रेल्वे येणार होती. स्टेशनाकडे जाणारी गल्ली रुंद करायची, तर एका बाजूचं बांधकाम पाडावं लागणार. नकाशात डावी बाजू आली होती. डावीकडे एकट्या मंजुळाबाईचं घर. उजवीकडे, अगदी समोर, कुंदाबाईचं, आणि पुढे सगळी पडीक जागा. दोघी सख्ख्या जावा, मंजुळाबाई थोरली. दोघींचेही नवरे वारलेले.

भिंतीवर लाल खूण झाली त्या दिवसापासून मंजुळाबाईच्या ओट्यावर माणूस मावेना. बोदवडहून लेक आली, शिरपूरहून भाचे आले. पेपरवाले फोटो काढून गेले. हायवेलगत तिला पक्कं घर मिळणार, घरात नळ असणार, असं जो तो सांगू लागला. कुंदाबाई आपल्या दारात ज्वारी निवडत बसायची आणि समोर किती कप चहा गेला ते बघायची. लेकरू झालं ते थोरलीला. सासूच्या पाटल्या गेल्या त्या थोरलीला. आता सरकारलाही थोरलीचंच घर दिसलं!

शेवटी तिनं शेजारच्या योगेंद्रकडून अर्ज लिहून घेतला. रस्ता उजव्या बाजूनं वाढवा.

अधिकारी मॅडमनी नकाशा पाहिला, इंजिनिअरशी दोन शब्द बोलल्या. "होऊ शकतं. पण मावशी, मग समोरचं घर राहील आणि तुमचं जाईल. नवं घर मिळायला दीड-दोन वर्षं लागतील. तोवर राहायची सोय तुमची तुम्हालाच बघावी लागेल. विचार केलाय ना?"

"करेल शे," कुंदाबाई म्हणाली आणि तिनं वळून पाहिलं. मंजुळाबाईचा चेहरा उतरला होता. कितीतरी वर्षांनी कुंदाबाईच्या जिवाला गार वाटलं.

तेवढ्यात बाकाला धरत मंजुळाबाई उठली.

"मॅडम, तो अर्ज फाडी टाका. मनंच घर ल्या."

"दखा!" कुंदाबाई ओरडली. "नवं घर सोडवस नही हिले!"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मंजुळाबाईला कारण विचारलं.

मंजुळाबाईनं जावेकडे पाहिलंच नाही. पदरानं तोंड पुसून ती हळू आवाजात म्हणाली, "मनं घर पडनं तर मी हिनाकडे राहसू. हिनं घर पडनं, तर ही मनाकडे येवाव नही."