खाणीपाशी उजवीकडे

"गाडीसाठी जीपीएस शहरातले रस्ते दाखवणारा हवाय की कच्चे?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली. सोबत आलेला ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता.

"सहलीला निघालात वाटतं, ताई. मग हा घ्या. डांबर संपलं तरी हा पठ्ठ्या रस्ता सोडत नाही. तुमच्या घराचा रस्ता काढून दाखवू?"

"दाखवा. हॉस्पिटलपासून."

पडद्यावर निळी रेघ धावू लागली. खाणीपाशी डांबर संपलं तशी ती उजवीकडे वळली आणि थेट तिच्या दारात जाऊन थांबली. चौदा मिनिटं.

"मी डावीकडे वळलो होतो," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "तिथे पाटीच नव्हती हो, ताई."

"माहितीये, दादा. म्हणून तर तुम्हाला घेऊन आले. तुमच्याच गाडीत लावायचाय."

दुकानदार आपल्याच नादात होता. "आणि बरं का, मागे बाळ झोपलेलं असलं की याचा आवाज बंदही करता येतो."

"नको, मोठाच ठेवा," ती म्हणाली. "बाळाला झोपू द्यायचं नाही. माझं तासभर जागं होतं, ॲम्ब्युलन्सची वाट बघत. मग झोपलं."