डॅशबोर्डवरचा हार

“पांढऱ्या पायाची बसली, आणि गाडीचे डोळे गेले!”

मामंजी जाऊन किती पावसाळे लोटले, पण त्यांचा हा आवाज अंबिकेच्या कानातून गेला नव्हता. लग्नानंतरचा पहिला दसरा. दोन माणसांच्या त्या जुन्या विलायती गाडीत तिला मानानं बसवलं होतं. महाडच्या बाजारपेठेतून चवदार तळ्यापर्यंत फेरी मारून येईतो दिवस मावळला, आणि पाहतात तो डॅशबोर्डचे दिवे गुल. तेव्हापासून तिनं गाडी पुसली. बसली नाही.

आज गॅरेजमधून तोच आवाज आला. गळा तेवढा नवऱ्याचा होता.

“मी काही अंधश्रद्धाळू नाही,” ॲडव्होकेट रघुवीर पुतण्याला सांगत होते. “पण फ्यूज बदलले, बल्ब बदलले, तारा नव्या टाकल्या. उरलं काय? दसऱ्याला श्रिया स्टिअरिंगवर बसली आणि दिवे गेले. योगायोग एकदा होतो, दोनदा नाही. दिवेलागणीला नारळ फोडू आणि चावी तुझ्या हाती देऊ, शौनक. पुरुषाच्या हाताखाली गेली की येईल ताळ्यावर.”

अंबिका ओटीवर फुलवाती वळत होती. तिची बोटं थबकली. इतके महिने दोष तारांचा होता. आज तो तिच्या लेकीचा झाला.

शौनकला बिनगिअरची स्कूटर तेवढी चालवता येई. पण तो पुरुष होता, आणि विलायती यंत्राला एवढी पात्रता पुरे होती. श्रिया वीर स्टेशनपासून पोलादपूरपर्यंत कुठलीही गाडी कुठल्याही वळणावरून सुतासारखी काढी. तिचं मागणं एकच होतं. आईला याच गाडीतून, शेजारी बसवून, पोलादपूरला माहेरी न्यायचं.

या घराण्याची एक रीत होती. दसऱ्याचा हार एरवी बॉनेटवर. पण घरातलं कुणी, सून असो की लेक, गाडीत पहिल्यांदा बसलं, की झेंडूचा हार आत, डॅशबोर्डवरच्या एका काळ्या गोल बटणाला बांधायचा. कर्त्या पुरुषानं, स्वतःच्या हातानं, चांगला पिळून, आवळून. पुढच्या दसऱ्यापर्यंत तो सोडायचा नाही. सोडला तर अपशकुन. मुलगे लंगोटात असल्यापासून गाडीत लोळत, म्हणून त्यांच्यासाठी हार बांधायची वेळच येत नसे.

दसऱ्यापासून रघुवीरांनी गाडीचं पोट फाडून ठेवलं होतं. विलायतेहून जाडजूड पुस्तक मागवलं होतं. त्यातली पहिली सूचना त्यांनी वाचली नाही; पहिली सूचना अडाण्यांसाठी असते, असं त्यांचं मत. पोलादपूरहून अनिल वायरमनला बोलावलं. तो वाकून म्हणाला, “सायेब, पयला ह्यो हार सोडा. हात जात नाय आत.”

“हार राहील. तू खालून घुस.”

अनिल खालून घुसला. सुक्या झेंडूचा चुरा नाकात गेला, दहा शिंका दिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. शिमगा तोंडावर आला तरी हार जागच्या जागी आणि अंधारही.

अंबिका पुन्हा वाती वळू लागली. ओठांत एक ओवी घोळत होती, तिचीच जुळवलेली:

विलायती गं गाडी, तिचे चांदीचे गं डोळे,
पुसताना चाले हात, बसताना तो विटाळे.

दिवस कलला. पूजेसाठी गाडीचे पुढचे दिवे लावले. ते लख्ख लागले. आतली तबकडी मात्र मसणासारखी काळी. ताटात नारळ, हळदकुंकू आणि चावी. ताट धरायला श्रियालाच उभं केलं होतं.

“वाईट वाटून घेऊ नकोस हो,” रघुवीर मायेनं म्हणाले. “काही हातांना यंत्र मानवत नाही.”

“बाबा, मी हात लावला स्टिअरिंगला. दिवे काय स्टिअरिंगनं लागतात?”

“उलट बोलायचं नाही.”

श्रियाची हनुवटी वर, डोळे खाली. अंबिकेनं ती हनुवटी ओळखली. ती तिची स्वतःची होती, नव्या नवरीची.

तिनं वाती खाली ठेवल्या. ओटी उतरली. गाडीचं दार उघडलं आणि सरळ आत बसली.

“अगं, काय करतेस? हार… अपशकुन होईल!”

हाराचा दोरा बटणाभोवती करकचून पिळला होता. अंबिकेनं तो नखानं उकलला. सुकी फुलं ओटीत घेतली. मग दोन बोटांनी ते काळं बटण उजवीकडे फिरवलं.

वेगाचा काटा उजळला. मग पेट्रोलचा, मग तेलाचा. एकेक तबकडी हिरवट तेवू लागली, जणू झाडावर काजवे बसले.

पूजेचा व्हिडिओ काढणाऱ्या शौनकनं मोबाइल खाली घेतला. रघुवीर बटणाकडे बघत राहिले. साक्षीदार उलटल्यावर बघतात तसे.

“हे… हे दिवे मंद करायचं बटण? तुला कसं कळलं?”

“दुसऱ्या दसऱ्याला जुना हार मीच सोडला होता ना, निर्माल्य नदीत सोडायला. तेव्हाही हे असंच फिरलं, आणि दिवे लागले. मामंजी म्हणाले, देवी पावली. नव्या सुनेनं काय बोलावं? म्हटलं, पावू दे.”

“मग आता इतके महिने का नाही बोललीस?”

“म्हटलं, एवढं मोठं पुस्तक आहे. सापडेल तुम्हाला.”

तिनं हात लांबवून ताटातली चावी उचलली आणि श्रियाच्या मुठीत दिली. मग सरकून शेजारच्या सीटवर बसली, पदर सावरला आणि म्हणाली,

“माझ्या वेळी हार मामंजींनी आवळला होता, हिच्या वेळी तुम्ही. आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो.”