तीन-तीन स्क्रू

स्टोव्हची पिन आणा म्हणून मी दोन महिने ह्यांच्या मागे लागले होते. पत्र्याचं काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याला तेवढी पिन काही आठवत नव्हती. आणि शेजारच्या जोसेफीनने नवी चूल मांडली, तर तिचा धुराचा पाईप बसवायला ह्यांनी अख्खा रविवार दिला! तिचा नवरा मस्कतला, घरात ती एकटी, आणि हे तिच्या शिडीवर.

दहिसरच्या आमच्या बैठ्या चाळीत दोन खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. फटीतून मी सगळं बघत होते. एकेका सांध्याला तीन-तीन स्क्रू. फळ्या तापायला नकोत म्हणून मध्ये पत्रा ठोकला, तरी ह्यांचं समाधान नाही. पाईप परत सोडवला आणि फळ्यांपासून आणखी हातभर लांब घेतला. चूल पेटल्यावर सांध्यासांध्यापाशी उदबत्ती धरून बघितली, कुठे फट राहिली का.

घरी आल्यावर मी म्हटलं, "एवढी माया आमच्या स्टोव्हवर कधी नाही केलीत!"

हे हसत हात धुवायला गेले.

तीन दिवस मी जोसेफीनशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तिनेच मला नळावर गाठलं.

"मालन, तुझ्या नवऱ्याने माझा भेजा खाल्ला गं! मी म्हटलं, सहदेव, बस झालं, एक स्क्रू पुरे. तर म्हणतो कसा,

'फळीच्या त्या बाजूला माझ्या बायकोची उशी असते.'"