पंपापर्यंत चाळीस मैल

जनरेटरची घरघर थांबली आणि लाइलच्या पायाशी ठेवलेलं ऑक्सिजनचं मशीन किंचाळू लागलं.

आर्डिस भावासाठी आणि स्वतःसाठी सँडविच कापत होती. सुरी हातात तशीच धरून ती पुढं स्टिअरिंगपाशी गेली आणि तिनं पेट्रोलचा काटा पाहिला. पाव टाकीच्या खाली. पेट्रोल एवढं उतरलं की जनरेटर आपोआप बंद पडतो, गाडी चालवण्यापुरतं तरी उरावं म्हणून; आणि जनरेटरशिवाय मशीनला वीज नाही. आठ वर्षं ती या घरगाडीत राहत होती. हे तिला पाठ होतं. सकाळी वाटेतला शेवटचा पंप बंद दिसला तेव्हा ती स्वतःशी म्हणाली होती, पुरेल.

"सिलिंडर लाव," लाइल म्हणाला.

तिनं नळी सिलिंडरला जोडली, चावी फिरवली. काटा लाल पट्ट्यात जाऊन थांबला.

"हा भरलेला आहे असं वर्ना म्हणाली होती."

"तिला मीच तसं सांगितलं." त्यानं श्वास घेतला. "रविवारी चर्चमध्ये वापरला. बायकोला खरं सांगितलं असतं, तर तिनं मला दाराबाहेर सोडलं असतं का?"

वीस मिनिटांचा ऑक्सिजन. फार तर पंचवीस. लाइलचं घर साठ मैलांवर, आणि घराच्या वाटेवरचा पहिला चालू पंप चाळीस मैलांवर. इथं कड्यावर फोनला रेंज नव्हती. यातलं काहीच आर्डिसनं बोलून दाखवलं नाही. लाइल एकाहत्तर वर्षं साठ मैलांवर राहिला आणि बॅडलँड्सचे रंगीत, ओसाड डोंगर बघायला आज पहिल्यांदा आला. आधी धान्याच्या कोठारातून सुट्टी मिळाली नाही, मग छातीनं सुट्टी दिली नाही.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "श्वास वाचव."

"मी कुठं बोलतोय? तूच बोलतेयस."

ती खाली उतरली. कड्याजवळच्या मोकळ्या जागेत तीन गाड्या होत्या. पहिली छोटी कार होती, दुसरीला कुलूप होतं. तिसरी चंदेरी, बसएवढी घरगाडी, टेक्सासची पाटी लावलेली. तिचा जनरेटर चालू होता. आर्डिसनं दार बडवलं. दार उघडणाऱ्या बाईनं आधी तिच्या हातातल्या सुरीकडे पाहिलं.

"माझ्या भावाला वीज हवीय," आर्डिस म्हणाली. "त्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय."

बाईनं मागं वळून हाक मारली, "एफ्रेन, बूट घाल."

एफ्रेन जाडजूड, सत्तरीचा गृहस्थ होता. त्यानं सिलिंडरचा काटा पाहिला, मग लाइलचे ओठ पाहिले.

"इथं वायर ओढून देता येईल," तो आर्डिसला म्हणाला, "पण मग घरी कशा जाल? यांना आमच्या गाडीत बसवू. मशीन आमच्या विजेवर चालेल. पंपापर्यंत सोडतो, तुम्ही मागून या."

"पण तुम्ही कुठं निघाला होतात?"

"मुलीकडे. ती तशीही म्हणत होती, एक दिवस उशिरा या."

तिघांनी मिळून लाइलला नेलं. एफ्रेनच्या बायकोनं, इर्मानं, त्याच्या पाठीशी उशी लावली. मशीन पुन्हा घुमू लागलं. मग दार बंद झालं.

मागून गाडी चालवणाऱ्या आर्डिसला पुढं दिसत होती ती फक्त एक चंदेरी पाठ आणि तिला बांधलेल्या दोन सायकली. आत तिचा भाऊ होता. त्या लोकांना त्याचं नाव माहीत होतं आणि मशीनचा आकडा तीनवर ठेवायचा एवढंच माहीत होतं. तिनं तर त्यांचं आडनावही विचारलं नव्हतं. लाइल तोंड उघडं टाकून झोपतो. झोपला आणि झोपेतच काही झालं, तर इर्माला कळेल का? आर्डिसनं पाटीवरचा नंबर पुन्हा पुन्हा वाचला. अंतर वाढलं की ती वेग वाढवी, जवळ आलं की घाबरून पाय काढून घेई.

पंधरा मैलांवर, चढ संपतो तिथं, पुढच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकू लागला. गाडी हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

आर्डिसनं ब्रेक दाबला. उतरली ती दार उघडं टाकूनच. मधली तीसेक पावलं ती पळाली. अडुसष्टाव्या वर्षी ती पळत नसे. वर्नाला सांगायचं पहिलं वाक्य तिच्या मनात आपोआप तयार झालं आणि तिनं ते निम्म्यात तोडलं.

तिनं हात लावायच्या आधीच इर्मानं दार उघडलं. "काही झालं नाही," ती घाईनं म्हणाली. "ते म्हणाले, थांबा. म्हणून थांबलो."

लाइल मोठ्या खिडकीशी बसला होता. मशीन घुमत होतं.

"त्या कड्यावरून नुसता खड्डा दिसत होता," तो म्हणाला. "इथून बघ."

"लाइल, मला वाटलं की—"

"ठाऊक आहे काय वाटलं ते. बस."

तिला त्याला फैलावर घ्यायचं होतं. पण ती त्याच्या शेजारी बसली. तेवढ्यात तिच्या खिशात फोन वाजला. इथं रेंज होती. फोन वर्नाचा होता. आर्डिस नुसतीच त्या नावाकडे बघत राहिली, तेव्हा लाइलनं हात पुढं केला आणि फोन घेतला.

"हो, मीच. नाही, ठीक आहे. हो, तो सिलिंडर रिकामाच होता. अगं, ऐक तरी." त्यानं खिडकीच्या काचेवर तळवा टेकला. "अगदी खाली पांढरं आहे. चाळलेल्या पिठासारखं." श्वास. "त्याच्यावर गुलाबी पट्टा." श्वास. "मग पिवळा. आपल्याकडे नाही असला पिवळा."

पुढं बसलेल्या एफ्रेननं जनरेटर चालूच ठेवून इंजिन बंद केलं.

"रडू नकोस, वर्ना," लाइल म्हणाला. "अजून वरचे तीन पट्टे राहिलेत."