कपाटामागचे घर

"आजी, कपाट भिंतीला चिकटलंय," टेम्पोवाला लखन म्हणाला. "वरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं घर बांधलंय. निम्मं कपाटावर, निम्मं भिंतीवर. पाडू का?"

धोंडाबाई सुनेकडे पाहत होत्या. प्रतिक्षा उंबऱ्याबाहेरच उभी होती. माहेरून आलेले आपले कपाट न्यायला ती इंदापुराहून टेम्पो घेऊन आली होती. या घरात तिचे तेवढेच उरले होते. ते गेल्यावर सांगवीला येण्याचे तिला काही कारण राहणार नव्हते.

कुंभारीण माशीने घरात चिखलाचे घर बांधले की त्या घरातल्या सुनेला दिवस जातात, असे धोंडाबाई मानत आल्या होत्या. त्यांच्या मुलाचे, रविराजचे लग्न झाल्यापासून माशी दरवर्षी आली. दरवर्षी त्यांनी गल्लीत साखर वाटली. दरवर्षी बायकांच्या नजरा प्रतिक्षाच्या पोटावर खिळल्या आणि दरवर्षी काही झाले नाही. अखेर गेल्या उन्हाळ्यात तिने रविराजला इंदापुरात खोली घ्यायला लावली. मुलाचे फोन येत, "जेवलीस का?" यापलीकडे ते जात नसत. सुनेचा एकही आला नाही. धोंडाबाईंनीही केला नाही. वाकणे त्यांना ठाऊक नव्हते.

यंदा माशी रिकाम्या घरात आली. उसाच्या पाटावरचा ओला चिखल तोंडात धरून ती खिडकीतून येई, गोळी थापून निघून जाई. पिल्लाला खायला हिरव्या अळ्या आत कोंबून तिने घराचे तोंड लिंपले, तेव्हाही धोंडाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या घरात हलणारे दुसरे काही नव्हते.

टेम्पो पाहून शेजारच्या बानूबाई आत डोकावल्या.

"अगं बया, कुंभारीण! आन् सूनबी दारात! घर लांबुळकं हाय, धोंडाबाई, म्हंजी नातूच. काढा साखर!"

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. "मुद्दाम ठिवलंत व्हय, आत्या? म्या कपाट नेऊ न्हाय म्हणून?"

एक शब्द पुरला असता. कुंभारणीचे घर पाडू नये, एवढे धोंडाबाईंनी म्हटले असते तर लखनची हात लावायची हिंमत झाली नसती. कपाट राहिले असते. त्यांनी पदर सारखा केला.

"बानूबाई, ती माशी हाय." आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जावा असाच होता. "चिखल मिळाला, आडोसा मिळाला, बांधलं घर. माझ्या सुनेचा तिच्याशी काय संबंध? साखर मी वाटत हुते, तिनं न्हाय. लखन, पाड."

लखनने खिशातून पाना काढून हात वर नेला.

"थांबा!"

प्रतिक्षा उंबरा ओलांडून आत आली होती. मान वर करून तिने ते बोटभर लांबीचे मातीचे घर बराच वेळ न्याहाळले.

"आत पिल्लू आसंल न्हवं, आत्या? किती दिसांत निघतं?"

"पंधरा-वीस दिसांत."

"मग ऱ्हाऊ द्या. ते उडून गेल्यावर येते मी. कपाट तवा नेऊ."

टेम्पो रिकामाच परत गेला. खिडकीकडच्या बाजूला, खालून दिसणार नाही असे बारीकसे भोक पाडून पिल्लू कालच, धोंडाबाईंच्या डोळ्यांदेखत, उडून गेले होते.